आधी चालीशिवाय म्हणा

१४ डिसेंबर, रविवार. गच्चीवर ड्रेस उन्हात घालण्याचं काम होतं. वर्षभर ट्रंकांमध्ये पडलेल्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास बसतो. तो गेल्याशिवाय पोरांच्या अंगावर घालता येत नाहीत. पोरं स्टेजवर शिंकतात आणि आया मला फोन करतात. वर्ध्यात शाळांच्या गॅदरिंगला ड्रेस भाड्यानं देण्याचा माझा धंदा आहे. डिसेंबर-जानेवारी हीच माझी सुगी. दोरीवर मावळे टांगले, कोळणी टांगल्या, वाघ उलटे टांगले, म्हणजे शेपट्या नीट वाळतात. एका ढगाची शिवण उसवून कापूस बाहेर आला होता, तो बाजूला काढला. सगळ्यात शेवटी उघडली ती ‘चंदेरी’ची ट्रंक. तिच्यात एक पांढरा झगमगीत झगा, एक चमकीचा मुकुट आणि ताणणाऱ्या लायक्राचे आठ काळे, अंगभर सूट.

‘चंदेरी’ काय आहे हे ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते. तो बाहेरच्या देशात बनलेला, हिंदी बोलणारा, चित्रांचा आणि गाण्यांचा सिनेमा आहे. तीन हिवाळ्यांपूर्वी आला आणि दप्तरावर, डब्यावर, केकवर, मोज्यांवर सगळीकडे तीच ती राजकन्या दिसायला लागली. वर्षा-दीड वर्षानं ते वेड उतरलं. आता त्याचा दुसरा भाग आलाय. मी ज्या वर्तमानपत्रावर कपडे पसरत होते, त्याच्या रविवारच्या पुरवणीत पानभर कौतुक होतं. असा निर्मळ, संस्कारक्षम सिनेमा पिढीतून एखादाच होतो, असं कुणीतरी लिहिलं होतं. ते वाचून मला शिसारी आली. मी त्याच पानावर वाघाच्या शेपटीतला भुसा झाडला.

तेवढ्यात सेलूकडच्या एका शाळेतून फोन आला. सर तरुण असावेत.

“ताई, चंदेरीचा सेट हाय न तुमच्याकडं? अन् ते काळे, चिखलवाले? आठ पायजेत.”

“उद्या सांगते.”

“उद्या काऊन? हाय का नाई एवढंच सांगा न.”

“उद्या सकाळी फोन करा,” म्हटलं आणि ठेवला. आलेलं गिऱ्हाईक मी असं टांगून ठेवत नाही. पण हातात तो काळा सूट होता, आणि डोक्यात नगराळे बाई.

नगराळे बाई आंजीकडच्या एका शाळेत गाणं शिकवायच्या. नोकरी तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास मिळतील तेवढाच पगार, आणि तोही वरच्यांची मर्जी असेपर्यंत. उंच, काटकुळ्या. साडीवर पुरुषी कॅनव्हासचे बूट, कारण चपलेनं बस पकडता येत नाही असं त्यांचं म्हणणं. गाणाऱ्या बाईचा आवाज गोड असतो ही माझी समजूत त्यांनी पहिल्याच दिवशी मोडली. आवाज घोगरा, धुरात वाढल्यासारखा. पेटी स्वतःची, वडिलांकडून आलेली. तिचा भाता एका ठिकाणी फाटला होता, तिथं सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. पेटी वाजायला लागली की ठिगळ फुगायचं आणि पोरं हसायची. बाई पोरांना हसू द्यायच्या. “हसून घ्या,” म्हणायच्या, “श्वास मोकळा होते.”

पहिल्यांदा आल्या त्या आदिवासी नृत्याचे ड्रेस बघायला. मी पानांचे घागरे काढून दाखवले. प्लास्टिकची हिरवी पानं, कमरेला इलॅस्टिक. सगळ्या शाळा तेच नेतात. बाईंनी एक घागरा हातात धरला, वर केला, खाली केला.

“ताई, हे पानं नेसून कोणता आदिवासी तुम्ही एसटीत बसलेला पाह्यला?”

“नाचात असंच असतं बाई.”

“कोणाच्या नाचात?”

मी घागरे परत ट्रंकेत टाकले. त्या साधी काठाची लुगडी घेऊन गेल्या. त्या दिवशी सासूबाईंनी आडनाव विचारलं, मग पाणी दिलं. बाई पाणी प्यायल्या, पेला खाली ठेवला. त्या जिना उतरत असतानाच सासूबाई मोरीत बसून तो पेला राखेनं घासत होत्या. एकदा घासला, विसळला, पुन्हा राख घेतली. मोरी जिन्याला लागून आहे आणि तिला दार नाही. पुढच्या वेळेपासून बाई खांद्याला पाण्याची बाटली अडकवून यायच्या. मी पाणी पुढे केलं की म्हणायच्या, “माह्यं हाय न माह्याजवळ.” चेहऱ्यावर काही नाही. सासूबाईंना मी विचारलं की राख संपली का, अजून आणू का. आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. घरात शांतता होती.

बाईंचे वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीला, लग्नात, नामकरणाला गावोगाव बैलबंडीतून जायचे. लहानपणी बाई खंजिरी मांडीवर घेऊन मागे बसायच्या. पार्टीत एक नियम होता. नवं गाणं आलं की आधी चालीशिवाय म्हणायचं. पेटी बंद, ढोलक बंद. सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकेक ओळ शेजाऱ्याशी बोलल्यासारखी बोलायची. ज्याला ओळ बोलता येत नाही त्याला ती गाताही येणार नाही, आणि जी ओळ कुणालाच बोलवत नाही ती गाण्यातून काढून टाकायची. “बाबा म्हणत, चाल म्हंजे बंडी हाय. बंडीत काय भरलं ते पाह्य आधी, मंग जुंप बैल.” हे बाई मला निदान वीस वेळा बोलल्या असतील. त्यांच्याकडे बोलण्यासारखं फार नव्हतं. जे होतं ते पुन्हापुन्हा बोलायच्या.

ही पद्धत त्यांनी शाळेत आणली आणि तिच्यापायी अडचणीत येत राहिल्या. एकदा मोठे पाहुणे येणार होते. मुख्याध्यापकांनी स्वागतगीत दिलं, दरवर्षीचंच. मी टोप्या आणि फेटे घेऊन गेले होते, म्हणून हे माझ्यासमोर झालं. बाईंनी पोरांना गोल बसवलं. “आधी चालीशिवाय.” एका मुलानं म्हटलं, “तुमच्या पावलांनी शाळा आमची पावन झाली.”

“झाली?” बाईंनी विचारलं.

मुलानं इकडेतिकडे पाहिलं. “अजून ते आलेच नाई बाई.”

“आल्यावर होईन?”

मागून एक मुलगी म्हणाली, “मागच्या साली आलते तवाच म्हणलं होतं हे. नळ तं बंदच हाय अजून.”

सगळी पोरं खिदळली. बाईसुद्धा. शेवटी पोरांनीच ओळ बदलली: ‘या, बसा, आमची शाळा बघा.’ पाहुण्यांनी खरोखरच शाळा बघायला मागितली. मुख्याध्यापकांचा चेहरा दिवसभर आंबट होता. मागून नळाचं बोललेली ती मुलगी म्हणजे प्रणाली, सातवीतली. बाईंचा सगळ्यात आवडता आवाज तिचा. काळीसावळी, दात थोडे पुढे, आणि आवाज असा की म्हणायला लागली की शेजारच्या वर्गातले सर फळ्यावर लिहायचे थांबत. बाई तिला वेगळं काही शिकवत नसत. फक्त तिच्याकडे बघून “हं” म्हणत, आणि ती समजून घ्यायची.

मग ‘चंदेरी’ आला. शाळेनं पोरांना वर्ध्याला सिनेमा दाखवायला आणलं. बाईंवर मुलींची जबाबदारी होती. मला ड्रेस शिवायचे म्हणजे बघायलाच हवे होते, म्हणून मीही तिकीट काढून बाईंच्या शेजारी बसले. बाईंनी रुमालातून फुटाणे काढले, अर्धे मला दिले.

गोष्ट अशी. पांढऱ्या डोंगरावर राजवाडा. राजवाड्यातून नदी निघते. खाली दलदल आणि दलदलीत राहणारी चिखलमाणसं. काळी, मळकी, एकाच आवाजात बोलणारी. त्यांनी नदीला हात लावायचा नाही, कारण पाणी घाण होईल. राजकन्या चंदेरी मनानं फार चांगली. तिला त्यांची दया येते. ती डोंगर उतरते आणि गाते: ‘धुल जा रे, धुल जा, मैल तेरी धुल जा, पास न आ, पास न आ, पहले तू तो धुल जा.’ गाण्यानं चिखलमाणसं धुतली जातात, गोरी होतात, मग त्यांना वर यायला परवानगी मिळते आणि सगळे नाचतात. एकटी चिखलराणी ऐकत नाही. ती म्हणते, नदी आमचीही आहे, आम्ही आहोत तसेच पाणी भरू. तिला वाकडे दात काढलेत. ती पाण्यात विरघळून जाते. त्या वेळी थेटरात टाळ्या पडल्या.

चांगलं ते चांगलं म्हणते. त्यातलं पाणी असं काढलंय की हात ओला होईल असं वाटतं. चाल अशी आहे की भांडी घासताना तोंडात येते. माझ्याही आली होती. पण मी कपड्यांकडे बघायला गेले होते, तेव्हा कपड्यांचं सांगते. चंदेरीला सिनेमाभर वेगवेगळे झगे; शिवणी, झालरी, बटणं, सगळं मन लावून काढलेलं. चिखलमाणसांना एकच कपडा. शिवण नाही, काठ नाही, खिसा नाही. आणि चेहरेही एकाच छापाचे. पाण्याचा प्रत्येक थेंब वेगळा काढायला ज्यांना फुरसत होती, त्यांना त्या माणसांची दहा नाकं वेगळी काढावीशी वाटली नाहीत. मला शिवायला सोपं होतं: एकच नमुना, आठ सूट. एवढ्या सोप्या कामाचा मला पहिल्यांदाच वीट आला.

बाई सुरुवातीपासून फुटाणे खात होत्या. ‘पास न आ’ आलं तेव्हा रुमालाची गाठ मारली आणि पर्समध्ये ठेवून दिला. बाहेर पोरांच्या रांगा लावताना म्हणाल्या, “पाणी झकास काढलं.” बसपाशी आल्यावर मला म्हणाल्या, “त्या चिखलराणीनं मांगलं काय वो? पाणीच मांगलं न?”

मी हो म्हटलं.

“अन् टाळ्या कायच्या वाजल्या?”

त्या बसमध्ये चढल्या. मी घरी आले. सासूबाई नातवंडांबरोबर टीव्हीवर तेच गाणं बघत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. “किती मायाळू पोर आहे,” म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आवाज करून लावली.

त्या वर्षी त्या शाळेच्या गॅदरिंगला ‘चंदेरी’च होणार हे ठरलेलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांची नात रिद्धी चंदेरी होणार, हेही ठरलेलं होतं. नाच बसवायला वर्ध्याहून एक रॉकी सर आणले. कानात बाळी, तोंडात च्युइंगगम. त्यांनी पोरं रांगेत उभी केली, प्रणालीजवळ थांबले आणि म्हणाले, “हिले चिखलराणी करू. मेकअपचा खर्चच नाई.”

सगळे हसले. मुख्याध्यापक हसले, पोरं हसली. प्रणालीही हसली, कारण तिची निवड झाली होती. त्या हसण्यानं मला जी किळस आली ती आजही गेलेली नाही. मी तिथं टेप घेऊन मापं घेत होते. बाई दारात उभ्या होत्या.

रॉकी सरांना कोरस पोरांच्या तोंडून हवा होता, रेकॉर्डवर नको. म्हणजे गाणं बसवण्याचं काम बाईंकडे. दुसऱ्या दिवशी तालमीला बाई आल्या, पेटी उघडलीच नाही. एका बाजूला रिद्धी, दुसऱ्या बाजूला प्रणाली आणि सात पोरं, अशी बसवली.

“आधी चालीशिवाय. रिद्धी, तू म्हण. प्रणालीकडं पाहून म्हण.”

रिद्धीनं सुरुवात केली. “धुल जा रे, धुल जा. मैल तेरी धुल जा.” ती आणि प्रणाली एका बाकावर बसायच्या. पहिल्या दोन ओळींना दोघी हसल्या. मग रिद्धी थांबली.

“पुढं?” बाई म्हणाल्या.

“पास न…” तिनं मान खाली घातली. “बाई, हे बोलाले कसंतरी वाटते. मी गाऊन म्हणतो ना. गाऊन येते मले.”

बाई शांतपणे म्हणाल्या, “म्हणूनच तं चाल लावली त्यायनं.”

रॉकी सरांनी च्युइंगगम चघळायचं थांबवलं. “मॅडम, कार्टून हाय ते. एवढं मनाले काय लावून घेता?”

“माह्या मनाचं राहू द्या. पोरीले बोलता येऊन नाई राह्यलं, ते पाहा.”

मुख्याध्यापकांना कुणीतरी बोलावलं. ते आले, उभ्यानंच बोलले. “नगराळे मॅडम, साऱ्या जगानं डोक्यावर घेतलं. तुमालेच तेवढं वेगळं दिसलं?”

“मी पाह्यलं नाई सर. मी आयकलं.”

“गाणं बसवता का नाई?”

“हे नाई. दुसरं कोणतंही द्या. उद्या बसवून देतो.”

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले, जणू मी साक्षीदार. “ताई, तुम्ही सांगा. एवढं काय हाय त्याच्यात?” मी म्हटलं, “सर, मला मापं घ्यायचीत. पण त्या पोरीला बोलवेना, हे खरं आहे.” ते निघून गेले. तो दिवस संपायच्या आत ठरलं की गाणं रेकॉर्डवरच वाजेल आणि बाईंना गॅदरिंगचं काही काम नाही.

एवढ्यावर बाई जिंकल्या असं वाटेल. जिंकल्या नाहीत. प्रणाली त्यांच्यावर चिडली. गेटपाशी मी गाडीवर बोचकं बांधत होते तेव्हा ती बाईंच्या पुढे येऊन उभी राहिली.

“बाई, मले नाच कराचा होता. स्टेज मले कधी भेटते? तुमच्यामुळं आता मलेच काढतीन.”

“तुले नाई काढत ते. तू करजो. मी नाई थांबवत तुले.”

“मंग तुम्ही काऊन नाई शिकवत?”

“स्टेज भेटन तुले,” बाई एवढंच म्हणाल्या. प्रणाली पाय आपटत गेली. बाई खूप वेळ बाटलीचं झाकण घट्ट करत होत्या. ते घट्टच होतं. त्या पोरीच्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या आणि ती पोरच त्यांच्यापासून दूर गेली होती. नोकरी जाणार याची त्यांना कल्पना होती, त्याचं त्यांना एवढं नव्हतं. प्रणाली तो काळा सूट घालून टाळ्यांमध्ये विरघळेल आणि त्यालाच गाणं समजेल, याचं होतं. हे त्या मला बोलल्या नाहीत. मला दिसत होतं.

गॅदरिंगच्या दिवशी मी भांडारखोलीत पोरांना कपडे घालत होते. बाहेर खुर्च्या, तंबू, स्पीकरचा गोंगाट. सात काळी पोरं तयार झाली. प्रणालीचा सूट मी तिच्या हातात दिला. तिनं एक पाय घातला, गुडघ्यापर्यंत ओढला, मग थांबली. शेजारी रिद्धी पांढऱ्या झग्यात पिना लावून घेत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. प्रणालीनं पाय बाहेर काढला. सुटाची नीट घडी केली, बाह्या आत दुमडून, आणि माझ्याकडे दिली.

“काकू, हा मले घट्ट होते.”

लायक्रा कुणालाच घट्ट होत नाही, आणि माप मीच घेतलं होतं. “होत असेल,” म्हटलं.

ती बाहेर गेली. रॉकी सरांनी आरडाओरडा केला, मग सहावीतल्या एका पोराला सूट घातला, तोंडाला काजळी फासली. मी पडद्याच्या फटीतून बघितलं तर सगळ्यात मागच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर नगराळे बाई बसल्या होत्या. काम नसताना त्या का आल्या होत्या, मी विचारलं नाही. प्रणाली त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. बाई खुर्चीवर थोड्या सरकल्या. ती अर्ध्या खुर्चीवर बसली.

नाच फक्कड झाला. सहावीतलं पोर विरघळलं तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या, वन्स मोअर मिळाला, ते पोर दुसऱ्यांदा विरघळलं. पहिलं बक्षीस त्या नाचालाच. प्रमुख पाहुण्या भाषणात म्हणाल्या की मुलांना असेच संस्कार मिळाले पाहिजेत. संस्कार हा शब्द तेव्हापासून कानावर पडला की मला ती काजळी आठवते. माझ्या सुटाच्या गळ्याला लागली होती आणि दोन धुण्यांत निघाली नाही.

जानेवारीपासून बाईंचे तास कमी झाले, फेब्रुवारीत संपले. कुणी पत्र दिलं नाही, कुणी भांडलं नाही. वेळापत्रकात नाव नव्हतं, बस्स. त्या माझ्याकडे राहिलेल्या टोप्या परत करायला आल्या तेव्हा मी विचारलं, आता काय. म्हणाल्या, “पेटी हाय. बूट हायेत.” आणि निघाल्या.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये, जयंतीच्या दिवसांत, केळझरच्या बाजूच्या एका वस्तीत. लहान मुलांच्या नाटुकल्याला माझे ड्रेस होते, ते परत घ्यायला गेले होते. ऊन उतरलेलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सतरंजी टाकून स्टेज केलेलं, वर निळ्या पताका. ट्रॉलीवर नगराळे बाई पेटी घेऊन, आणि माईकपाशी प्रणाली. वेणी घट्ट, पायात कॅनव्हासचे बूट. बाईंचेच जुने असावेत. पुढे मोठे होत होते.

प्रणालीनं गाणं सुरू केलं नाही. आधी बोलायला लागली. एकेक ओळ, शेजारच्या बाईशी बोलावं तशी. मागे काही पोरं मोटारसायकलींवर बसली होती. त्यातला एक ओरडला, “ओ, गाणं म्हण न! भाषण कायले देतं?”

“आयक ना आधी,” प्रणाली माईकवरून म्हणाली. “गाणं कोठी पळून नाई चाललं.”

सगळी वस्ती हसली, तो पोरगाही. मग शांत झाली. पुढे बसलेली म्हातारी माणसं माना हलवत होती, एक बाई लेकराला पाजता पाजता थांबून ऐकत होती. नगराळे बाई प्रणालीकडे बघतच नव्हत्या. त्या लोकांकडे बघत होत्या, एकेका चेहऱ्याकडे, पोहोचलं की नाही ते तपासत. एक हात पट्ट्यांवर, दुसरा भात्यावर, पण भाता दाबलेला नाही. शेवटची ओळ बोलून झाली, प्रणालीनं मागे वळून पाहिलं, बाई “हं” म्हणाल्या, आणि मगच सायकलच्या ट्यूबचं ते ठिगळ फुगलं.

मला बस पकडायची होती. ड्रेस मोजून घेतले, बोचकं बांधलं आणि निघाले. चाल रस्त्यापर्यंत ऐकू येत होती आणि प्रत्येक शब्द मला आधीच माहीत होता. त्यानंतर बाई दिसल्या नाहीत. बल्लारशाकडे कुठल्या तरी शाळेत तास मिळाले असं कुणी म्हणालं. मिळाले असतील तर तिथल्या मुख्याध्यापकांचा चेहराही आंबट असेल.

सोमवारी सकाळी परिपाठाच्या वेळेलाच सेलूकडच्या त्या सरांचा फोन आला.

“ताई, मंग काय ठरलं?”

“गाणं कोण बसवतंय?”

“मीच.”

“म्हणून दाखवा बरं.”

“फोनवर?” ते हसले. “माहा आवाज कुठं एवढा…”

“चाल नको. चालीशिवाय म्हणा. बोलल्यासारखं.”

त्यांना गंमत वाटली. “धुल जा रे, धुल जा,” त्यांनी सुरू केलं. “मैल तेरी धुल जा. पास न…”

थांबले. मागे पोरांचा गलका होता.

“पुढचं?”

“पुढचं…” सरांचा आवाज खाली आला. “ताई, पोट्टे समोर उभे हायेत न माह्या.”

त्यांच्या मागे कुणीतरी “सर, सर” करत होतं.

“दुसरं काय हाय तुमच्याकडं?” त्यांनी विचारलं.

“वाघ आहेत. शेपट्या कालच वाळवल्या.”

“चालतीन वाघ. आठ द्या.”

फोन ठेवला, कात्री घेतली आणि ते आठ काळे सूट पुढ्यात ओढले. लायक्रा पाणी पीत नाही, त्यामुळे पुसायच्या फडक्याला निकामी. पण ती ताणली जाते आणि झाडाला काचत नाही. गच्चीवरची टमाटरची रोपं काठ्यांना बांधायला तिच्या पट्ट्या चांगल्या झाल्या. ऊन वर यायच्या आत सगळी बांधून झाली.